सुट्टी कुणाला लागते?

(महिला बचतगटांच्या दिवाळीनंतरच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मघापासून तुमच्या गप्पा ऐकत होते. प्रत्येक जण दुसरीला एकच विचारत होती, "दिवाळीत काय काय केलंस?" आणि उत्तरं येत होती : चकली खुसखुशीत झाली, अनारसे हसले, लाडू जरा कडकच बसले. "दिवाळीत किती झोपलीस गं?" असं एकीनेही विचारलं नाही. त्यात तुमचा दोष नाही, आपली भाषाच तशी आहे. घरातले पुरुष सण 'साजरा करतात', आपण सण 'करतो'. एका शब्दाचा तर फरक. पण त्या गाळलेल्या शब्दात भाजणी, दळण, जाळी-जळमटं आणि रात्री बारा वाजता घासलेली कढई, सगळं आलं.

आज मी भाषेबद्दलच बोलणार आहे. घाबरू नका, व्याकरण शिकवणार नाही. फक्त रोजचेच शब्द जरा उलटसुलट करून बघू.

सुट्टी हाच शब्द घ्या. मुलांना सुट्टी लागते. नोकरदाराला ती मिळते, किंवा तो ती काढतो. शाळेला सुट्टी असते. आता सांगा, घरच्या बाईला सुट्टी काय होते? लागते? मिळते? मराठीत तिच्यासाठी क्रियापदच नाही! उलट मुलांना सुट्टी लागली की आपल्याला काम लागतं. रविवारी नवरा म्हणतो, "आज निवांत आहे, काहीतरी चमचमीत कर." निवांत तो, चमचमीत आपण करायचं.

बरं, आपल्या संस्कृतीत सुट्टीची कल्पना नाही असं मुळीच नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, असं कितीतरी घरांत पाळतात. म्हणजे विळीला सुट्टी, तव्याला सुट्टी. आपण मात्र दिंडं उकडत उभ्या. खंडेनवमीला अवजारांची पूजा. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, सजवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. बैलाच्या श्रमाची जाण ठेवणारा हा सण मला फार आवडतो. फक्त ते पुरण कुणी वाटलं, एवढंच विचारायचं राहून जातं. हत्याराला विसावा आहे, जनावराला आहे. ज्या हाताने विळी धरली त्या हाताला नाही.

सुट्टीच्या कुळातला एक शब्द मात्र खास आपल्यासाठी राखून ठेवलाय : सुटका. बाई बाळंत झाली की म्हणतात, "चला, सुटका झाली." आणि तिथून पुढे ती अडकते! जुन्या बायका आणखी एक सांगतात. महिन्याचे चार दिवस बाहेर बसवायचे, तेवढाच काय तो पाठीला विसावा. पण त्या विसाव्याचं नाव काय होतं? 'अडचण'. आपण बसलो की दुसऱ्यांची अडचण होते, हे भाषेने किती प्रामाणिकपणे सांगून टाकलंय बघा. विटाळ म्हणून मिळालेली विश्रांती ही सुट्टी नव्हे. थकलो म्हणून, माणूस आहोत म्हणून मिळते ती सुट्टी.

असं का होतं? मला वाटतं, याचं उत्तर 'करणे' या क्रियापदात आहे. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्ही वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचो. व्यवसायाच्या रकान्यापाशी आलं की बाई म्हणायची, "काही नाही, घरीच असते." पुढे गप्पा सुरू झाल्या की तीच सांगायची, "सासूचं मीच करते. मुलांचं करते. दिराचंही करावं लागतं." सासूचं काय करते? त्यापुढे शब्दच नाही. औषध देणं, अंघोळ घालणं, अंथरूण बदलणं, रात्री तीनदा उठणं, हे सगळं त्या 'चं'मध्ये गुडूप. सगळ्यांचं करते, आणि तरी काही करत नाही! नवऱ्याने एक दिवस भांडी घासली, तर त्याला लगेच नाव मिळतं : 'मदत'.

ज्या कामाला नाव नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याला सुट्टी कशी मिळणार? २०११ च्या जनगणनेतही फक्त घरकाम करणाऱ्या बाईची नोंद 'काम न करणारी' अशीच होती. पण मोजायचं म्हटलं तर मोजता येतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेलेली दिसतात. पुरुषांची ८८. आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांचीच ही सरासरी!

सुट्टी आभाळातून पडत नाही, हे आपल्याच मुंबईत सिद्ध झालंय. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज सगळे जो रविवार उपभोगतात, त्यासाठी दोन बायका दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या होत्या. गिरणी रविवारी थांबली. त्या दोघींची चूल मात्र रविवारीही पेटलीच असणार.

चूल थांबली ती दूर आइसलँडमध्ये, २४ ऑक्टोबर १९७५ ला. त्या दिवशी तिथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी ना नोकरी केली, ना स्वयंपाक, ना मुलं सांभाळली. काहींना त्याला 'संप' म्हणायचं होतं. पण त्या शब्दाने काही जणी बिचकल्या असत्या, मालकांनाही कामावरून काढायला निमित्त मिळालं असतं. म्हणून नाव ठेवलं 'बायकांचा सुट्टीचा दिवस'. सुट्टीला कोण नाही म्हणणार? बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले, दुकानांतले झटपट शिजणारे सॉसेज संपले. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. शब्द नीट निवडला तर तोही कामाला येतो, तो असा.

आपण लगेच आइसलँड करू या, असं मी म्हणत नाही. ज्यांचं हातावर पोट आहे, ज्या घरात तान्हं किंवा आजारी माणूस आहे, त्यांना एक दिवसही सोपा नाही. पण सुरुवात नावापासून करता येईल. आज घरी गेल्यावर 'सासूचं करते' हे वाक्य मोडा आणि त्यातलं एकेक काम कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला नको, मुलाला लिहायला बसवा. यादी भिंतीवर लावा. मग घरात विचारा, यातलं कुठलं कोण घेणार? आणि जो घेईल त्याच्या कामाला मदत म्हणायचं नाही. काम म्हणायचं.

शेवटचं. आपल्याला सुट्टी मिळतच नाही असं नाही; ती मिळते सुट्ट्या पैशांसारखी. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत पाच मिनिटं, नळाला पाणी येईपर्यंत दहा. चिल्लर नुसती! पण चिल्लरीचं काय करायचं हे बचतगटातल्या बाईला मी सांगायला नको. एकटीच्या डब्यात ती खुळखुळत राहते, दहा जणींनी एकत्र केली की त्यातून शिलाई मशीन येतं. तसाच आठवड्यातला एक अर्धा दिवस गटाने मिळून ठरवा. एकीची मुलं दुसरीने बघायची असं नाही हं, त्यांच्या बापांनी बघायची. वार कोणता तेवढं आज इथून उठण्याआधी ठरवू या.