घर सोडणाऱ्याचा हिशेब
(मुंबईतील जुन्या इमारतींची पुनर्रचना आणि तिचा कारभार या विषयावरील भाषणाचा मजकूर)



मुंबई बेटावरील जुन्या चाळी आणि इमारती यांचा प्रश्न हा सामान्यतः अभियांत्रिकीचा प्रश्न समजला जातो. कुजलेल्या तुळया, वाळवीने पोखरलेले खांब, ओलीने फुगलेल्या भिंती, डळमळीत जिने हे सारे डोळ्यांना दिसते आणि त्यामुळे उपायही दगड-विटांतच शोधला जातो. परंतु १९६९ सालापासून या कामाचा जो अनुभव गाठीस आला आहे, तो निराळे काही सांगतो. इमारत उभी करण्याचे तंत्र शासकीय यंत्रणेला केव्हाच अवगत झाले. इमारतीतून बाहेर काढलेल्या कुटुंबाला ठरल्या वेळी परत आणण्याचे तंत्र मात्र अजून पुरते साधलेले नाही. येथे विवेचन करावयाचे आहे ते या दुसऱ्या तंत्राचे, म्हणजेच कारभाराचे.

प्रश्नाचे मूळ थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूला त्याचा मोठाच आधार मिळाला. पण भाडे गोठले आणि चुना, लाकूड, मजुरी यांचे दर वाढतच राहिले. मालकाने दुरुस्तीवरील हात काढून घेतला आणि दर पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६८ मध्ये नेमलेल्या बेडेकर समितीच्या अभ्यासानंतर १९६९ मध्ये कायदा होऊन मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. दुरुस्तीसाठी इमारतींवर उपकर बसविण्यात आला आणि महानगरपालिकेच्या मालमत्ता कराबरोबर तो वसूल होऊ लागला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. पुढे १९७६ च्या अधिनियमान्वये ‘म्हाडा’ अस्तित्वात आली आणि हे मंडळ तिचा एक घटक बनले.

कायद्याची रचना अशी की, संरचनात्मक दुरुस्तीचा दर चौरस मीटरला ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत असेल तर मंडळाने दुरुस्ती करावी आणि तो मर्यादेबाहेर जात असेल तर मालमत्ता संपादन करून पुनर्रचना करावी. हिशेबाला सोपी अशी ही कसोटी होय. मात्र तिच्यामुळे एक परिणाम घडला. मंडळाची फाईल इमारतीच्या नावाने उघडली जाऊ लागली. सर्वेक्षण इमारतीचे, अंदाजपत्रक इमारतीचे, निविदा इमारतीची. कुटुंब त्या फाईलमध्ये येते ते एका जोडपत्रातील अनुक्रमांक म्हणून. इमारत पाडली की फाईल एका शाखेकडे जाते आणि कुटुंब संक्रमण शिबिराच्या रूपाने दुसऱ्या शाखेकडे. दोहोंची पुन्हा गाठ केव्हा पडेल, याची जबाबदारी निश्चितपणे कोणाकडेही नसते.

संक्रमण शिबिर हा शब्दच मुळी तात्पुरतेपणा सुचवितो. शीवचे प्रतीक्षानगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, कांदिवलीचे चारकोप, बोरिवलीचे मागाठाणे अशा ठिकाणी ही शिबिरे आहेत. गिरगाव, काळबादेवी, लालबाग येथून हललेल्या कुटुंबाला रोजगाराचे ठिकाण, मुलांची शाळा, दवाखाना आणि उधारीवर माल देणारा वाणी हे सारे एका दिवसात मागे टाकून तेथे जावे लागते. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गेलेली कित्येक कुटुंबे तेथे वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहिली. शिबिरात जन्मलेल्या मुलांची लग्नेही शिबिरातच झाली. (प्रतीक्षानगर हे नाव ज्याने ठेवले, त्याच्या मनात असे काही खचितच नसावे.)

विलंबाची कारणे मंडळाच्या हाती नेहमीच असतात असे नव्हे. जुन्या इमारतींचे भूखंड अरुंद असतात आणि आजच्या नियमांप्रमाणे मोकळी जागा सोडली तर बांधण्यास काही उरतच नाही. कोठे रस्ता रुंदीकरणाचे आरक्षण आड येते, तर कोठे न्यायालयाची स्थगिती. ज्यांची इमारत पुन्हा उभी राहूच शकत नाही, त्यांच्यासाठी बृहत्सूची ठेवण्यात आली. पुनर्रचित इमारतींतील जादा गाळे या सूचीतील पात्र भाडेकरूंना द्यावयाचे, अशी ती व्यवस्था. योजना न्याय्य होती, पण नोंद जुनी होत गेली. मूळ भाडेकरू वारला, वारसांत वाद झाला, कोणी शिबिरातील गाळा परस्पर दुसऱ्याच्या हवाली केला, कोणाच्या भाडेपावत्या पावसात भिजून गेल्या. मूळचे पात्र भाडेकरू कोण आणि घुसखोर कोण, हे ठरविणे दर वर्षागणिक अवघड होत गेले. लाकूड कुजण्यास पन्नास वर्षे लागतात. भाडेकरूंची यादी दहा वर्षांतही कुजू शकते.

या दप्तराच्या कुजण्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. पावसाळ्यापूर्वी मंडळ दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते, सूचनापत्रे बजावते. तरीही अनेक रहिवासी घर सोडीत नाहीत. याला हटवादीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शेजारच्या गल्लीतून पंधरा वर्षांपूर्वी गेलेले कुटुंब अद्याप परतलेले नाही, हे ज्याने पाहिले आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो. तुळई पडेल की नाही हे त्याला ठाऊक नसते आणि गेल्यावर परत येणे होणार नाही याची मात्र त्याला जवळजवळ खात्री असते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. काही कुटुंबे त्यापूर्वीच अन्यत्र हलली होती आणि काही मागे राहिली होती. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरी येथे केसरबाई इमारतीच्या ठिकाणी दुर्घटना घडली, तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच पडलेला भाग मंडळाच्या अखत्यारीतील की महानगरपालिकेच्या, याची चर्चा सुरू झाली. ढिगाऱ्याखालील माणसाच्या दृष्टीने या चर्चेला काय अर्थ असणार!

म्हणूनच कारभाराची सुधारणा कुटुंबाच्या खात्यापासून झाली पाहिजे. ज्या दिवशी घर रिकामे करण्याची सूचना बजावली जाते, त्याच दिवशी प्रत्येक कुटुंबाच्या नावे स्वतंत्र खाते उघडले जावे. मूळ खोलीचे क्षेत्रफळ, कुटुंबातील व्यक्ती, वारस, शिबिरातील गाळ्याचा क्रमांक, परतीची अपेक्षित तारीख, तारीख टळल्यास त्याचे कारण ही माहिती त्यात असावी आणि खात्याचा उतारा कुटुंबाच्या हाती द्यावा. पंचायत सदस्यांना यात नवल वाटू नये. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराघराचा आकारणी उतारा खेड्यातील साधा माणूसही मागून घेतो आणि जपून ठेवतो. जे गावात चालते ते महानगरात अशक्य का मानावे? खात्याची पडताळणी वर्षातून एकदा शिबिरात जाऊन व्हावी. वारसाची नोंद मृत्यूनंतर वर्षाच्या आत झाली तर वाद सहसा उद्भवत नाही. वीस वर्षांनी ती करू गेल्यास प्रकरण न्यायालयातच जाते.

डिसेंबर २०२३ मध्ये बृहत्सूचीवरील पात्र भाडेकरूंसाठी संगणकीय सोडत काढण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह होय, कारण कोणता गाळा कोणाला द्यावयाचा हा निर्णय त्यामुळे मेजावरून उठून सर्वांसमक्ष आला. पण सोडतीच्या यंत्रात जाणारी यादी जितकी शुद्ध, तितकीच सोडत शुद्ध. पात्रता ठरविणारी सुनावणी, तिचा निकाल आणि निकालाची कारणे यांचीही तितकीच प्रसिद्धी व्हावयास हवी.

खाजगी पुनर्विकासाच्या बाबतीतही हाच मुद्दा लागू पडतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत सत्तर टक्के भाडेकरूंच्या संमतीने मालकास किंवा विकासकास पुनर्विकासाची वाट खुली झाली. पुढे ही अट एक्कावन्न टक्क्यांवर आली. संमती मिळविणे सुकर झाले, परंतु मध्येच काम थांबले आणि विकासकाने पर्यायी जागेचे भाडे देणे बंद केले, तर भाडेकरूची अवस्था शिबिरातील कुटुंबाहूनही बिकट होते, कारण त्याच्या नावाची नोंद शासकीय दप्तरात जवळजवळ नसतेच. म्हाडा अधिनियमात २०२२ मध्ये लागू झालेल्या सुधारणांनी रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्याचा आणि मालकाने धोकादायक इमारतीबाबत मुदतीत प्रस्ताव न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेला संधी देण्याचा मार्ग काढला आहे. हे अधिकार मोठे आहेत. मुदत मोजणारा आणि तिच्या अखेरीस कृती करणारा अधिकारी एकच असेल, तरच ते उपयोगी पडतील. अभियंता आणि मिळकत व्यवस्थापक तीन वर्षांत बदलून जातात आणि प्रकल्पाला दहा वर्षे लागतात. प्रभारपत्रात चालू कामांबरोबर बाहेर असलेल्या कुटुंबांची संख्या व त्यांची खाती नमूद करण्याची सक्ती केली, तर नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी आपल्यावरील देणे कळेल. अखत्यारीचा वादही पावसाळ्यापूर्वीच मिटविता येईल. इमारत, तिला जोडलेले वाढीव बांधकाम आणि लगतची भिंत यांचा संयुक्त पंचनामा महानगरपालिका आणि मंडळ यांनी एकत्र करून जबाबदार अधिकाऱ्याचे पद दर्शनी दारावर लिहावे. यास नवा कायदा लागत नाही.

एक बाब शिक्षकवर्गाच्या विशेष परिचयाची आहे. धोकादायक इमारतींची यादी सामान्यतः मे महिन्याच्या सुमारास जाहीर होते. जूनमध्ये शाळा उघडते आणि पाऊसही सुरू होतो. गिरगावातल्या शाळेत नाव असलेल्या मुलाला चारकोपला घेऊन जाण्याचा निर्णय त्या चार आठवड्यांत आईबापांनी घ्यावा, अशी अपेक्षा केली जाते. हेच सर्वेक्षण दिवाळीनंतर हाती घेऊन जानेवारीअखेर यादी लावली, तर परीक्षा आटोपेपर्यंत शिबिरातील गाळा पाहून येण्यास, दाखला काढण्यास आणि नव्या शाळेत नाव घालण्यास वेळ मिळेल. पडताळणीसाठी अभियंत्यांनाही कोरडे दिवस मिळतील, आणि ऐन पावसात पोलीस बंदोबस्तात घरे रिकामी करण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.