कर्करोगावरील चाचण्या आणि रुग्णाचा होकार



आपल्या वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांबरोबर मी काही काळापूर्वी एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. आयुष्यभर तंबाखू खाल्लेली. गालाच्या आत व्रण झाला आणि तो कर्करोगाचा ठरला. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. येथे उपचारांची एक चाचणी चालू आहे, तीत आपण सहभागी व्हाल काय, असे त्यांनी विचारले. गृहस्थांनी हात जोडले आणि म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं, साहेब.” अंगठा उमटविण्यासाठी त्यांनी हातही पुढे केला. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी अंगठा घेतला नाही. कागद घरी न्या, वाचून घ्या, मग या, असे सांगितले. परतताना गाडीत हेच गृहस्थ माझ्या कानाशी लागून म्हणाले, “आपल्यावर प्रयोग करून बघायचाय त्यांना. गरिबाचा जीव स्वस्त.”

एकाच माणसाने एका तासाच्या आत दिलेली ही दोन उत्तरे आहेत. मला विचाराल तर त्यांपैकी एकही उत्तर त्यांचे स्वतःचे नव्हते. पहिले पिढ्यानपिढ्यांच्या सवयीने दिले, दुसरे पिढ्यानपिढ्यांच्या भीतीने.

ही भीती निराधार आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत तेथील सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या सुमारे ४०० गरीब नीग्रो पुरुषांचे केवळ निरीक्षण केले. पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे सिद्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही, आणि आपल्याला काय झाले आहे हेही खरे सांगितले नाही. आपल्या देशातही १९९९-२००० मध्ये तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्रात तोंडाच्या कर्करोगाच्या वीसहून अधिक रुग्णांवर एका नव्या रसायनाचा प्रयोग झाला. त्यात सामील असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या विद्यापीठाची आवश्यक मंजुरी घेतलेली नव्हती, असे त्या विद्यापीठानेच २००१ मध्ये जाहीर केले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. त्याला अडाणी म्हणणे हा अन्याय आहे.

परंतु ताक टाकूनच द्यावे काय? या प्रश्नाचे उत्तर मी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका चाचणीवरून देतो, कारण ती आपल्यासारख्यांच्याच रोगाविषयी होती.

तोंडाचा कर्करोग लहान असताना, मानेत गाठ हाताला लागत नसताना, मानेतील ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढून टाकाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, याविषयी शल्यवैद्यांत अनेक दशके वाद होता. दोन्ही बाजूंना विद्वान होते, पुरावा कोणाकडेच पुरेसा नव्हता. २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांनी लेखी संमती देऊन या चाचणीत भाग घेतला. निम्म्यांची मान प्रथमच साफ करण्यात आली. उरलेल्यांवर वारंवार नजर ठेवून गाठ उद्भवल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावयाची, असे ठरले. त्यांपैकी ५०० जणांचा हिशेब झाला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील शंभरांपैकी ८० जण हयात होते. दुसऱ्या गटातील ६७.५. हा फरक दिसताच देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी थांबविण्यात आली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या शल्यवैद्यांना जुना वाद मिटविण्याजोगा पुरावा मिळाला. पानतंबाखूने तोंड गमावलेल्या आपल्या देशातील सामान्य माणसांनी हे ज्ञान जगाला दिले आहे.

आता कोणी विचारील, दुसऱ्या गटातील माणसांचे काय? त्यांची फसवणूक झाली काय? कोणता उपचार श्रेष्ठ हे तेव्हा ठाऊक नव्हते आणि त्यांना मिळालेला उपचार त्या काळी सर्वत्र प्रचलित होता, म्हणून फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. तरी त्या घरांतील माणसांना हे उत्तर पुरेल असे मला वाटत नाही.

गट ठरतो तो चिठ्ठी काढावी तसा. डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. पुष्कळ रुग्ण नकार देतात ते या एका गोष्टीला बिचकून. माझा जीव काय सोडत आहे, असे त्यांना वाटते. वस्तुतः निवड डॉक्टरांकडे सोपविली तर धट्टेकट्टे रुग्ण एका गटात आणि खंगलेले दुसऱ्या गटात जाण्याचा संभव असतो, आणि मग कोणत्या उपचाराचा गुण आला हे कळत नाही.

याउलट काही जण होकार देतात ते औषध फुकट मिळेल, वरिष्ठ डॉक्टर जातीने पाहतील, म्हणून. गरजेपोटी दिलेला होकार तुच्छ आहे असे मी म्हणणार नाही. पण नवा उपचार जुन्यापेक्षा चांगला आहे हे ठाऊक असते तर चाचणीच नको होती, एवढे तरी त्या माणसाला कोणी समजावून सांगितलेले असावे.

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आपल्या देशात २०१९ चे नियम आहेत. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. वाचता न येणाऱ्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. चाचणीमुळे इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई द्यावी लागते. नकार दिल्यास, किंवा मध्येच बाहेर पडल्यास, नेहमीच्या उपचारांत बाधा येता कामा नये. हा शेवटचा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला संमती कसे म्हणावे?

त्या गृहस्थांनी कागद घरी आणला. त्यांची सून शाळा शिकलेली. तिने दोन रात्री बसून तो मोठ्याने वाचला आणि कळले नाही तेथे खूण केली. पुढच्या खेपेस ते तीन प्रश्न घेऊन गेले. चाचणीत नाही आलो तर काय उपचार मिळेल, त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला सांगायचे, आणि खर्च कोणाचा. डॉक्टरांनी अर्धा तास दिला. मग त्यांनी होकार दिला. ते डॉक्टरांना अजूनही साहेबच म्हणतात. पण सहीच्या कागदाची प्रत त्यांनी मागून घेतली, आणि ती शिधापत्रिकेबरोबर ट्रंकेत ठेवली आहे.