पंचावन्न हजार की पंच्याण्णव हजार? लॅपटॉप बदलताना

इअरफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज आकडे बरेच आहेत.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. परभणी जिल्ह्यातली मुलगी, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. तिचं म्हणणं असं: "दादा, माझा लॅपटॉप २०१८ चा आहे. अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की चहा करून आलं तरी चालू होत नाही. बाबा म्हणतात पंचावन्न हजारांपर्यंत देतो. दुकानदार म्हणतो पंच्याण्णव हजारांचा घे, हप्त्यांवर, पुन्हा पुन्हा घ्यावा लागणार नाही. काय करू?" आणि शेवटी हळूच, "यंदा सोयाबीनचे पैसे पण कमी आलेत."

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं. पण ते वाक्य आहे, म्हणून आजचा पूर्ण भाग यावरच.

आधी जुन्या मशीनचं बघू. तिने मॉडेल कळवलंय: आय३-७०२०यू, ४ जीबी रॅम, आणि साधी हार्ड डिस्क, फिरणारी. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल, पैजेवर सांगतो. अशा लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकली आणि रॅम वाढवली की तो खरंच जिवंत होतो. घरी ब्राउझिंग, वर्ड, ऑनलाइन फॉर्म एवढंच काम असेल तर इथेच थांबा, नवीन घेऊच नका.

पण तिच्या बाबतीत एक अडचण आहे. ७०२०यू हा २०१८ मध्ये विकला गेला तरी तो सातव्या पिढीचा प्रोसेसर, दोन कोअरचा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच वर्षी आलेला आय३-८१३०यू मात्र यादीत आहे! दिसायला सारखेच लॅपटॉप, एका आकड्याने नशीब बदललं. त्यात अँड्रॉइड स्टुडिओ आणि इम्युलेटर एकत्र चालवायचं तर १६ जीबी रॅम हवी. म्हणजे तिला नवीन घ्यावाच लागणार.

आता दुकानदाराचं गणित. तो म्हणतो, पंच्याण्णववाला सहा-सात वर्षं चालेल, स्वस्तातला तीन-साडेतीन. वर्षाला भागलं तर दोन्ही पंधरा-सोळा हजारांच्या आसपास. कागदावर बरोबर आहे. पण यात एक गोष्ट लपलेली आहे: महागडा सात वर्षं चालला तरच ते गणित जुळतं. पाचव्या वर्षी त्यावर पाणी सांडलं तर? वॉरंटी संपलेली, रॅम आणि बऱ्याचदा स्टोरेजसुद्धा बोर्डवर सोल्डर केलेलं, म्हणजे पूर्ण बोर्डच बदलायचा. आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यात नाही, संभाजीनगरला किंवा पुण्याला. स्वस्तातला घेतला तर उरलेले चाळीस हजार घरात राहतात, आणि तीन वर्षांनी त्याच पैशात त्या वेळची नवी चिप मिळते.

"नो-कॉस्ट ईएमआय"बद्दलही ऐका. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत आधी दाखवली जाते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, वर प्रोसेसिंग फी. व्याज ७ हजार धरलं तर १,२६० रुपये तिथेच गेले. आणि रोख दिल्यावर दुकानदार जे दोन-तीन हजार सोडतो, ते हप्त्यांवर सोडत नाही. बारा महिने आठ-आठ हजार, सोयाबीन येवो न येवो.

मग महागडे लॅपटॉप वाया आहेत का? अजिबात नाही. मी स्वतः दिवसाचे नऊ तास कोड लिहितो, चांगला कीबोर्ड आणि चांगला डिस्प्ले माझ्यासाठी चैन नाही. मॅकबुक एअर एम१ नोव्हेंबर २०२० मध्ये आला, पंखाच नाही त्यात, आणि आजही कित्येक जण त्यावर आरामात काम करतात. पण कॉलेजला जाणाऱ्यांनी आधी विचारा, आपल्या अभ्यासक्रमात कोणतं सॉफ्टवेअर आहे. मेकॅनिकलवाल्यांनो, सॉलिडवर्क्स मॅकवर थेट चालत नाही. सिव्हिल, आर्किटेक्चरवाल्यांनो, रेव्हिटचंही तेच. रोजचं पोट ज्या मशीनवर आहे तिथे पैसे घाला. ते पोट अजून सुरू व्हायचं असेल तर थांबा.

आता मुख्य मुद्दा, हा नीट ऐका. स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी कुठेतरी काटकसर करतेच. काही काटकसर नंतर भरून काढता येते: रॅम, एसएसडी, बॅटरी. काही जन्मभर तशीच राहते: स्क्रीन, बिजागरी, कीबोर्ड, प्रोसेसर. त्यामुळे ८ जीबी रॅम दिसली म्हणून तोंड वाकडं करू नका, एक स्लॉट रिकामा आहे का ते विचारा. आणि स्क्रीनवर टीएन लिहिलं असेल तर सरळ पुढे जा. बाजूने बघितलं की रंग उडतात, वर्षभर डोळ्यांना त्रास. आयपीएस घ्या. बिजागरी दुकानातच तपासा, एका हाताने झाकण वीस वेळा उघडा-मिटवा. दुकानदार बघत राहील, बघू दे. माझ्या एका मित्राच्या लॅपटॉपची बिजागरी दीड वर्षात प्लास्टिकसकट निघाली, आणि कंपनी म्हणाली हे "फिजिकल डॅमेज", वॉरंटीत नाही.

प्रोसेसरच्या नावात तर खरी गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. वाटतं दहाचा फरक! प्रत्यक्षात तिसरा आकडा बघायचा. २ म्हणजे झेन २, जे डिझाइन २०१९ मधलं, आणि चार कोअर. ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. पुढचा ७ बघून लोक नवीन समजून घेतात. ७५२०यू मध्ये रॅमही सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ जीबीवाला घेतला की कायमचा ८ जीबी. माझ्या मते या मुलीने तो फुकट मिळाला तरच घ्यावा.

आणि बॅटरी. लोडशेडिंगवाल्या गावात हा मोठा प्रश्न. बॉक्सवर "दहा तास" लिहिलेलं असतं ते विसरा, वॉट-अवर बघा. ३८ वॉट-अवरची बॅटरी, आणि काम करताना मशीन सरासरी १० वॉट खात असेल तर चार तासही नाहीत. कोड बिल्ड करताना त्याहून कमी. पन्नासच्या पुढे मिळाली तर दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

तिसरा रस्ताही आहे, जो दुकानदार सांगत नाही: ऑफिसमधून बाहेर पडलेले रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. मूळ किंमत लाखाच्या आसपासची, त्यामुळे कीबोर्ड आणि बिजागरी दणकट, सुटे भागही मिळतात. आठव्या पिढीपेक्षा जुना नको, आणि बॅटरीचा रिपोर्ट समोर काढून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट, एवढं टाईप केलं की मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. वॉरंटी लेखी, बिलावर. तोंडी नाही.

तर ताई, तुला माझं उत्तर: हप्ते नको. बाबांच्या पंचावन्नमध्ये सहा कोअर, आयपीएस, रॅमचा एक मोकळा स्लॉट, आणि जिल्ह्यात सर्व्हिस असलेली कंपनी. ८ जीबीचा मिळाला तर रॅम लगेच १६ कर, बजेट त्यातच बसव. जुन्या लॅपटॉपमध्ये एखादं लिनक्स टाकून घरच्यांना दे. घ्यायच्या आधी मॉडेल नंबर मला पाठव, पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, कारण एकाच नावाखाली चार वेगळ्या स्क्रीन विकतात.

बाकीच्यांनीही पाठवा. पुढच्या भागात तुमच्यापैकी तिघांचे मॉडेल नंबर घेऊन बसणार आहे.