सोंगाड्याची सनद

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



गाणे स्वतः रचावे, ते कोणाच्या गळ्यातून यावे हे स्वतः ठरवावे, पडद्यावर त्याचा अभिनयही स्वतःच करावा, आणि या साऱ्या उद्योगास लागणारे द्रव्य उभे करून नफ्यातोट्याची जोखीम पुन्हा आपल्याच शिरावर घ्यावी, असा चौपदरी कारभार ज्या मोजक्या मराठी कलावंतांनी निभावून नेला, त्यांत कै. दादा कोंडके यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचे नाव निघाले की सुशिक्षितांच्या बैठकीत द्व्यर्थी विनोदाचा विषय निघतो, कोणी हसतो, कोणी नाक मुरडतो आणि चर्चा तेथेच संपते. त्यामुळे या माणसाने ग्रामीण विनोदी गीताला जी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि ती टिकवण्यासाठी जो स्वतंत्र संसार थाटला, त्याचा हिशेब बहुधा मांडलाच जात नाही. तो आज मांडावा अशी माझी इच्छा आहे. दादांना खेड्याच्या भाषेत मनमोकळे गाता आले याचे कारण त्यांच्या प्रतिभेइतकेच त्यांच्या मालकीत होते, हे माझे प्रतिपादन आहे.

कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईच्या गिरणगावात झाला. मूळ घराणे पुणे जिल्ह्यातील भोर भागातले. म्हणजे चाळीतील जीवन आणि मावळच्या मातीतील बोली या दोहोंचा वारसा त्यांना जन्मतःच लाभला होता. त्यांनी बँडपथकात वाद्य वाजवले, ‘अपना बाजार’मध्ये महिना साठ रुपयांवर नोकरी केली, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उमेदवारी केली आणि पुढे स्वतःचे कलापथक काढून ‘खणखणपूरचा राजा’ रंगभूमीवर आणला. तो प्रयोग पाहून प्रसन्न झालेल्या वसंत सबनीसांनी त्यांच्यासाठी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहून दिले, ते १९६५ साली रंगमंचावर आले, आणि त्याचे पंधराशेच्या घरात प्रयोग झाले. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा जुना सांगाडा तसाच राखून त्यात रोजच्या वर्तमानपत्रातील राजकारण मिसळण्याची मुभा सबनीसांच्या संहितेने दिली होती, आणि दादांनी त्या मुभेचा इतका सढळ उपयोग केला की नाटकातला कालचा हवालदार आज ऐकायला गेलेल्यास पुन्हा नवाच भेटत असे. १९६९ साली भालजी पेंढारकरांनी त्यांना ‘तांबडी माती’त भूमिका दिली, आणि त्या चित्रपटास त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

येथवरचा प्रवास एखाद्या गुणी नटाचा म्हणता येईल. परंतु १९७१ साली ‘सोंगाड्या’ काढताना ते निर्माते झाले, आणि हा निर्णय मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. कथा-पटकथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुळकर्णी यांचे, नायिका उषा चव्हाण, आणि खाली नाडी लोंबणारी ढगळ अर्धी चड्डी घातलेला, आईच्या धाकातला भोळा नाम्या म्हणजे दादा. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात या चित्रपटाऐवजी देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लागण्याची चिन्हे दिसताच बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. एवढे खरे की स्वतः पैसा घालून, स्वतः भांडून, आपल्या चित्रपटाची पेटी आपणच चित्रपटगृहाच्या दारापर्यंत नेणारा मराठी निर्माता त्या दिवसांत किती एकाकी असे याची कल्पना त्या प्रसंगावरून येते.

त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, १९७५ मध्ये ‘पांडू हवालदार’, मग ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ अशी मालिका लागली, आणि सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाल्याची नोंद गिनीज बुकात झाली. हा विक्रम पुष्कळांना पाठ असतो. त्यामागची व्यवस्था मात्र कोणी सांगत नाही. ‘कामाक्षी पिक्चर्स’ या आपल्या संस्थेत दादांनी माणसे जोडली आणि ती सहसा बदलली नाहीत: नायिका उषा चव्हाण, आई म्हणून रत्नमाला, पार्श्वगायनास महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, संगीतास रामलक्ष्मण, साहाय्यास बाळ मोहिते. ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांनी स्वतःकडे घेतले. जुन्या तमाशाच्या फडात मालक, सरदार, सोंगाड्या आणि झीलकरी वर्षानुवर्षे एका बैलगाडीतून हिंडत, तसाच हा फड होता. फरक इतकाच की बैलगाडीच्या जागी चित्रपटाची पेटी आली होती. सावकाराच्या पैशावर चित्रपट काढणाऱ्याला सावकाराची आवडनिवड सांभाळावी लागते. दादांना फक्त प्रेक्षकाची सांभाळावी लागली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास शासनाने मराठी निर्मात्यास करमणूक कर पुढील चित्रपटासाठी परत देण्याची योजना सुरू केली, तिचाही अशा स्वतंत्र निर्मात्यांना मोठाच आधार झाला.

आता वऱ्हाडाकडे वळतो, कारण या मालकीचा अर्थ मला वऱ्हाडातच उमगला. चित्रपटव्यवसायाच्या नकाशात आमचा मुलूख अजूनही ‘सी. पी. बेरार’ या इंग्रजी अमदानीतील नावानेच ओळखला जातो, आणि या विभागाच्या वितरणाचा कारभार भुसावळ आणि अमरावती येथील पेढ्यांतून चालत आला. पेटी अमरावतीहून सुटे, अकोला, अचलपूर, परतवाडा अशी ठाणी घेत ती घाटाखाली येई, आणि शेवटी झिजून रेघांनी भरलेली प्रत जत्रेच्या तंबूत पोहोचे. परतवाडा–बैतूल मार्गावर सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा थंडीत महिनाभराहून अधिक चालते. हंडीतले मटण आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे यांसाठी ती जशी प्रसिद्ध, तशीच एके काळी तमाशाच्या राहुट्या आणि फिरत्या टॉकीजच्या तंबूंसाठीही होती. मी तेथे दादांचा चित्रपट पाहिला तो जमिनीवर पोते अंथरून. मधोमध दोरी बांधलेली, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष. रीळ बदलताना काळोख होई आणि शेंगांची टरफले पायांखाली कुरकुरत. गाणे सुरू झाले की दोरीच्या दोन्ही बाजूंना निरनिराळ्या क्षणी हशा पिकत असे. पुरुष ओळ पुरी होण्याआधीच हसत, बाया ओळ पुरी झाल्यावर आणि पदर तोंडाशी धरून. पण हसत त्याही. गाणे रचणाऱ्याने श्रोत्याच्या मनात काय येणार हे आधीच ओळखून तेथे नेमकी किती जागा मोकळी सोडली आहे, हे मला त्या तंबूत दिसले.

दादांच्या गीतरचनेचे मर्म त्या मोकळ्या जागेत आहे. त्यांचे शब्द शेतातले आणि चुलीजवळचे असतात, एकेक ओळ वेगळी पाहिली तर तीत आक्षेपार्ह असे काही सापडत नाही, आणि म्हणूनच परिनिरीक्षण मंडळाची नेहमी पंचाईत होई. अर्थ पुरा करण्याचे काम ऐकणाऱ्याकडे सोपवलेले असते. ही युक्ती दादांनी शोधलेली नव्हे. गवळणीत कृष्ण आणि मावशी यांच्या सवालजवाबात ती शतकानुशतके चालत आलेली आहे. आमच्या वऱ्हाडातल्या श्रोत्यास तर अर्धे वाक्य आपण पुरे करण्याची सवय एका महापुरुषानेच लावली होती: शेंडगावात जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनात प्रश्न विचारीत, समाजाकडून उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तरातूनच त्याला त्याचे अज्ञान दाखवून हसवीत. त्याच बहिरमला त्यांनी पशुहत्येविरुद्ध कीर्तने केली. हेतूच्या दृष्टीने या दोघांत आकाशपाताळाचे अंतर आहे हे मी जाणतो. पण ऐकणाऱ्याला भागीदार करण्याची कला एकच, आणि ती खेड्याची आहे.

या गीतांच्या चालींत विदर्भाचा वाटा आहे, हे आमच्या लोकांस अभिमानाने सांगावेसे वाटते. रामलक्ष्मण या जोडनावातील लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. वाद्यवृंदात काम करणाऱ्या सुरेंद्र आणि विजय या दोन तरुणांना हेरून दादांनी ‘पांडू हवालदार’चे संगीत त्यांच्या हवाली केले, पुढे लवकरच सुरेंद्र निवर्तले, तरी पाटलांनी मित्राचे नाव आपल्या नावापुढून कधी काढले नाही. राजश्रीच्या ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटांची गाणी देशभर गाजवणारे रामलक्ष्मण ते हेच. आणि गायक कोण, तर अमृतसरचे महेंद्र कपूर! एका पंजाबी गायकाच्या खड्या, मोकळ्या आवाजात मावळी बोलीतला भोळा गडी दादांना ऐकू आला, हे त्यांच्या कानाचे द्योतक आहे. ‘ढगाला लागली कळ’ हे गाणे उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांनी गायले, त्याचे शब्द दादांचे. आज ज्यांनी दादांचा चित्रपट पाहिलेला नाही अशा मुलांच्याही पायांना ते ठेका धरायला लावते.

दोष सांगितल्यावाचून हे कथन प्रामाणिक होणार नाही. ऐंशीनंतरच्या चित्रपटांत ती मोकळी जागा दादांनी हळूहळू स्वतःच भरून टाकली. सुचवण्याऐवजी दाखवणे आले, नाम्याचा भोळेपणा जाऊन त्याजागी नुसता चावटपणा उरला, गाण्यातली स्त्री प्रतिसवाल करीनाशी झाली, आणि हिंदीत काढलेल्या चित्रपटांत तर बोलीचे बळही सुटले. ज्याला विचारणारा कोणी नसतो त्याला अडवणाराही कोणी नसतो, ही स्वतंत्र मालकीची दुसरी बाजू तेथे दिसते. माझ्या मते ‘सोंगाड्या’पासून ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’पर्यंतची सात-आठ वर्षे हा त्यांचा खरा काळ, आणि त्या काळावरूनच त्यांचे मूल्यमापन व्हावे. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मी राहतो त्या चिखलदऱ्यात, गाविलगडाच्या वाटेवर आणि खाली मेळघाटातल्या कोरकू ढाण्यांत, म्हणजे वस्त्यांत, हनुमान जयंतीस ध्वनिक्षेपकावर ‘अंजनीच्या सुता’ वाजत असते. मराठी ही ज्यांची मातृभाषा नाही असे कोरकू तरुणही ते तोंडपाठ म्हणतात. देवळात ते गाणाऱ्या कित्येकांना मी विचारले आहे, हे कोणी रचले. कोणी संताचे नाव सांगतो, कोणी जुने भजन आहे म्हणतो. ते ‘तुमचं आमचं जमलं’ या १९७६ च्या चित्रपटातले, दादा कोंडके यांनी लिहिलेले, हे सांगितले की ऐकणारा अविश्वासाने पाहतो. ज्याने आपल्या गाण्याची मालकी आयुष्यभर निगुतीने जपली, त्याच्याही नावाची ही गत. मग ज्यांच्याजवळ ना पेटी, ना पेढी, ना दस्तऐवज, अशा आमच्या खेड्यांतल्या रचनाकारांचे काय होत असेल?

म्हणून श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात दंडार, खडी गंमत, भजनी मंडळ किंवा कोरकू गाणी रचणारे कोणी असेल, तर त्याच्या वह्या पाहा. प्रत्येक गाण्याखाली रचणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहून घ्या. कोणी ध्वनिमुद्रणासाठी आले, तर कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तो कागद जाणत्याकडून वाचून घ्या, आणि गाण्याचा हक्क रचणाऱ्याच्या हातात राहील एवढे पाहा. तुमच्या मंडळाची वही असेल तर तिची एक प्रत गावच्या वाचनालयात याच हिवाळ्यात नेऊन ठेवा.