नेमबाजीचे पिस्तूल आणि परतीची स्प्रिंग

अमेरिकेतील ओहायो राज्यातील कॅम्प पेरी हे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचे माहेरघर मानले जाते. तेथील शीघ्र फेरीत दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडावयाच्या असतात. अशा वेळी काडतूस अडकले की नेमबाजाची एकाग्रता भंगलीच! दोष पुष्कळदा पिस्तुलाचा नसतो. परतीच्या स्प्रिंगची निवड चुकलेली असते.

अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या ०.४५ इंची पिस्तुलाची नेहमीची स्प्रिंग १६ पौंडांची, सैनिकी काडतुसाच्या जोरास अनुरूप अशी. लक्ष्यवेधाचे काडतूस मात्र मुद्दाम सौम्य भरतात. त्याच्यापुढे तीच स्प्रिंग ताठर ठरते. वरची स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी तोंडाशीच अडकते. म्हणून अनेक नेमबाज १२ पौंडांच्या आसपासची स्प्रिंग बसवितात. हलकेपणाचा मोह मात्र आवरावा लागतो. स्प्रिंग फारच हलकी असल्यास स्लाइड सांगाड्यावर आदळते, आणि परतताना नवे काडतूस नळीत पक्के बसेलच असे नाही.

जाणते नेमबाज मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून, स्पर्धेतल्याप्रमाणे एका हाताने, ते झाडून पाहतात. स्लाइड मागे अडकून राहिली, तर जोर पुरेसा. मग पुंगळ्यांकडे लक्ष: पायाशी पडल्या तर स्प्रिंग जड, फार दूर उडाल्या तर हलकी. काडतुसातील दारूचे प्रमाण बदलले की ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.