संकटांतील साहाय्य आणि वळिवड्याची छावणी

युद्धानें वा पुरानें उघड्यावर आलेल्या माणसाला यापुढें कोणीं व कसें सांभाळावें, हा प्रश्न सध्यां बिकट झाला आहे. अमेरिकेची परदेशसाहाय्य संस्था १ जुलै २०२५ रोजीं गुंडाळली गेली. इतर कांहीं श्रीमंत राष्ट्रांनींही हात आंखडता घेतला. करवीरकरांना या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं फार दूर जावयास नको. गांधीनगरपर्यंत गेलें तरी पुरे.

आज तेथें कापडाची मोठी पेठ आहे. त्याच परिसरांत, वळिवडे गांवाजवळ, १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४० सालीं रशियानें सैबेरियाकडे हांकलून नेलेलीं हीं माणसें, त्यांत बायकामुलेंच फार, सुटका झाल्यावर इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. अनेकांचे कर्ते पुरुष लढाईवर होते. जागा करवीर संस्थानांतली, पैसा लंडनमधील पोलिश सरकारचा; परंतु आंतला संसार बव्हंशीं त्यांचा त्यांनींच चालविला. शाळा त्यांच्या, शिक्षक त्यांचे, प्रार्थनामंदिर आणि बालवीरांचीं पथकेंही त्यांचींच. परमुलखांत पोरांना आपल्या भाषेंतून धडे मिळत होते, ही गोष्ट लहान नव्हे. पोटाला अन्न कोणीही घालील. पण आपलें आयुष्य अजून पुढें चालावयाचें आहे हा भरंवसा शाळेवांचून मुलाला कसा यावा? पुढें फाळणींत घरें गमावलेले सिंधी बांधव येथेंच वसले आणि पेठ वाढली.

वळिवड्याला पांच वर्षांचा अवधि होता. पुरांत तो तासांचाच असतो, आणि तेथें स्थानिकांचें बळ अधिकच लागतें. ऑगस्ट २०१९ मध्यें राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली. रस्ते बंद झाले. शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, ब्रह्मनाळ येथें, माणसांनीं दाटलेली नाव ८ ऑगस्टला उलटली व अनेक जीव गेले. बाहेरची मदत नंतर ट्रक भरभरून आली. देणाऱ्यांच्या अंतःकरणाविषयीं शंका नाहीं. परंतु त्या घटकेला हवी होती ती गांवांतच आणखी एक नाव आणि ती चालविणारे तयार हात.

२०१६ सालीं इस्तंबूलच्या परिषदेंत मोठ्या दात्यांनीं कबूल केलें होतें कीं, २०२० पर्यंत निधीचा शेंकडा २५ भाग शक्य तितका थेट स्थानिकांकडे जावा. मुदत उलटली, वचन पुरें झालें नाहीं. स्थानिकांच्या हातीं पैसा गेला म्हणजे गटबाजी शिरते, हा आक्षेप खोटा नाहीं. तथापि चावडीवर हिशेब मागतां येतो. दूरच्या राजधानींत तो कोणीं मागावा?

जुलै २०२१ मध्यें पंचगंगेनें पुन्हां धोक्याची पातळी ओलांडली. मध्यें दोनच वर्षें गेलीं होतीं.