डोंबिवली स्टेशनवर सुचलेली संख्या

टेंभी नाक्यावरून बोलतोय. आजचा एपिसोड एकाच आकड्यावर आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, आणि उलटा वाचला तरी तोच. नऊ वेळा १ लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा. हाच येतो.

का येतो? शाळेतला उभा गुणाकार आठवा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उजवीकडून उभ्या रांगा मोजा. पहिल्या रांगेत एक १, दुसरीत दोन, असं करत मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतरत उतरत एक. बेरीज कुठेच दहापर्यंत जात नाही, म्हणजे हातचा नाही. दहा वेळा १ घेतलात की मधे हातचा येतो आणि शिडी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना म्हणतात डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. हायस्कूल ठाण्यात, पुढे फर्ग्युसन, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. जीआयपी रेल्वेच्या ज्या स्टेशनवर ही कल्पना सुचली, त्याचंच नाव त्यांनी संख्यांना दिलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

अजून एक गंमत. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने त्याला पूर्ण भाग जातो. कारण सोपं आहे: १११११११११ ला ९ ने भाग जातो, मग वर्गाला ९ गुणिले ९ ने जाणारच. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, हर्ष देणारी.

आता हाच गुणाकार जावास्क्रिप्टला सांगा, वेबपेजवर चालते ती भाषा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ गायब! तिथे साध्या नंबरच्या अंकांसाठी ५३ बिट असतात. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या नीट बसते. त्याच्या पुढे, दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या. विषम आली की शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते, आणि एररही येत नाही.

म्हणाल, एकाने काय बिघडतं? तो ऑर्डर नंबर असेल तर ऑर्डर दुसऱ्याचीच उघडेल. म्हणूनच ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचा आयडी अक्षरांच्या रूपातही द्यायला सुरुवात केली.

कोड लिहीत असाल तर लांबलचक आयडी मजकूर म्हणूनच साठवा. गणितच करायचं असेल तर बिगइंट वापरा, आकड्यांमागे एक 'एन' लावायचा. मग उत्तर कापरेकर मास्तरांच्या कागदावरच्या उत्तराशी तंतोतंत जुळतं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!